दत्तूमामानं ऐकलेलं होय

माझ्या मामाच्या मरणाला जो माणूस होय म्हणाला, तोच आज मामाच्या फोटोला हार घालणार आहे.

संध्याकाळी पाच वाजता, ओढ्याकाठी. 'कै. दत्तोबा स्मृतिवन', उद्घाटन आमच्या आमदारसाहेबांच्या हस्ते.

फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर आला. साहेब दरवाज्याएवढे, मामा पोस्टाच्या तिकिटाएवढा.
साहेबांच्या नावापुढे लिहिलंय, पर्यावरणप्रेमी.

मी मस्कतला आहे, स्कॅफोल्डिंग म्हणजे इमारतींच्या परांच्या बांधतो. शाळा आठवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका. वाचा फक्त.

दत्तूमामा म्हणजे साहेबांचा सगळ्यात जुना कार्यकर्ता. साहेब साधे नगरसेवकपण नव्हते तेव्हापासून त्यांचे फ्लेक्स मामाच बांधायचा. बांबूवर चढायला मला त्यानंच शिकवलं. आज त्याच्यावरच पोट भरतोय.

पहिल्या इलेक्शनला साहेबांनी वस्तीतल्या देवळात नारळावर हात ठेवून शब्द दिला होता. टेकडी आणि ओढा, दोन्हीला कुणाला हात लावू देणार नाही.
मामा तो शब्द घरोघर सांगत फिरला.

मग आमदार झाल्यावर एकदा साहेबांनी खूश होऊन जुन्या पोरांना मुंबईला नेलं, अधिवेशन दाखवायला. गॅलरीचे पास काढून दिले. बाकीचे थोड्या वेळात समुद्र बघायला पळाले. मामा बसून राहिला. एसी चांगला होता म्हणाला.

तेवढ्यात बिल आलं. टेकडीच्या उतारावर आणि ओढ्याच्या कडेला बांधकामाला सूट.

अध्यक्षांनी विचारलं, बाजूचे असतील त्यांनी होय म्हणावं, विरोधातले असतील त्यांनी नाही म्हणावं.

साहेब मोबाइलमध्ये बघत होते.
मान वर न करता म्हणाले, होय.

एवढ्या गलक्यात मामानं तो आवाज ओळखला. आयुष्यभर त्याच आवाजाचे स्पीकर त्यानं खांबाला बांधले होते.

बाहेर चहा पिताना साहेबांनी विचारलं, काय दत्तोबा, कसं वाटलं?
मामा म्हणाला, "साहेब, तुम्ही होय म्हणालात."
साहेब हसले. खांद्यावर हात टाकला.
"अरे वेड्या, तिथं सगळेच म्हणतात. आवाजी मतदान असतं ते. कुणाचं नाव लागत नाही."

मामानं चहा तसाच ठेवला आणि पुण्याच्या गाडीत जाऊन बसला.

नंतर साहेब वस्तीत झाडं लावायला आले. फोटो झाले, भाषण सुरू झालं. मी या ओढ्याचा लेक आहे, वगैरे.
मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "होय."
लोक वळून बघतात तर मामा. मान खाली, डोळे मोबाइलमध्ये.
लोकांना वाटलं कौतुक चाललंय. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग मामाला नादच लागला. गणपतीची आरती असो, नाहीतर शाळेतला वह्यावाटपाचा कार्यक्रम. साहेब निसर्गावर आले रे आले, की मागून होय.

मामाचं फ्लेक्सचं काम बंद झालं. एक कार्यकर्ता घरी येऊन दम देऊन गेला, मामा, आता पुरे.
मामा त्याला म्हणाला, "मी कुठं विरोध करतोय बाबा? मी तर होय म्हणतोय."

तोवर बिल्डरनं ओढ्यात भिंत घातली होती. कायद्यात बसवून. ओढा पार गटाराएवढा करून टाकला.

पुढच्या पावसात पाण्याला जायला जागाच राहिली नाही. ते वस्तीत आलं.
मामानं शेजारच्या पोरांना वरच्या मजल्यावर चढवलं. मग मेन स्विच बंद करायला खाली गेला.
वर आला नाही.

मला सुट्टी मिळाली नाही. मामाला अग्नी दिलेला मी व्हिडिओ कॉलवर बघितला. मध्येच रेंज गेली.

तेराव्याला साहेब आले. मामीशेजारी बसून म्हणाले, दत्तोबा आमचा निष्ठावान माणूस.

मी इथून एका शिकलेल्या मित्राच्या मागे लागलो. म्हटलं त्या बिलाला कोण कोण होय म्हणालं, ते काढ. त्यानं चौकशी केली. उत्तर आलं, बिल आवाजी मतदानानं मंजूर, नावांची नोंद नाही.
म्हणजे पर्यावरणाच्या बाबतीत साहेबांचं रेकॉर्ड एकदम क्लीन. परत तिकीट मागायला मोकळे.

ऐकणारा एकच होता. तो गेला.
असं साहेबांना वाटतंय.

काल मामीला फोन केला. म्हटलं, त्या स्टेजवर तू जाऊ नकोस. त्यांना तुझ्याबरोबर फोटो पाहिजे, बाकी काही नाही.
मामी म्हणाली, "मी जाणार हाय विक्या."
माझं डोकं फिरलं. नको नको ते बोललो तिला.
मग ती म्हणाली,
"माइक तिथंच असतोय."

म्हणून ही पोस्ट.

वस्तीतल्या सगळ्यांनी या. बिबवेवाडीहून आत्या येतेय. कोथरूडवाल्यांनो, टेकडीवर रोज फिरायला येता ना, तुम्हीपण या.

घोषणा द्यायच्या नाहीत. फ्लेक्स फाडायचा नाही, बांधलेला फ्लेक्स फाडला की मामाला राग यायचा. खुर्चीवर नीट बसायचं आणि मोबाइल बाहेर काढायचा.

साहेब म्हणतील, मी या ओढ्यासाठी लढलो.
मान वर करू नका.
सगळ्यांनी एकदम, होय.

ते पुढे बोलतील. परत होय.
खाली बसेपर्यंत होय.

कुणी म्हणेल, हा सूड आहे. आहेच.

वस्तीतला बाळ्या मोबाइल उंच धरणार आहे, मी लाइनवर असेन. रेंज गेली तर माझा आवाज तुम्ही काढा.

मामा, त्या होयला तेव्हा कुणाचं नाव लागलं नाही. आता साहेबांचं लावतो.

श्रद्धांजली साहेब वाहतील, चांगली भावपूर्ण.
आपण फक्त होय म्हणू.

तुझा भाचा,
विक्या