चौरंगावरची वही

मंडळात पहिल्यांदा गेले त्या दिवशी मला एकच नियम सांगण्यात आला. चौरंगावर ठेवलेलं काहीही उघडायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही.

सांगणारे नाना. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जळगावात त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी चार वाजता अद्वैताचं वाचन चालतं. देव बाहेर नाही, आत आहे. पूजाअर्चा ही नुसती पहिली पायरी, खरं काम स्वतःला ओळखायचं, असं तिथे तासभर शिकवतात. शिकवून झालं की आरती!

अशा ठिकाणी वर्षभर बसल्यावर किस्से साठणारच. फ्रिजच्या दारात औषधांच्या अर्ध्या पट्ट्या साठतात तसे. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. समोर ऐकायला कुणी नसलं की आणखीच साठतात. माझ्या धुळ्याच्या खोलीत समोर कुणी नसतं.

मी धुळ्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मला अद्वैताची काही हौस नाही. पण माझी आई अकरा वर्षं त्या मंडळाची वाचक होती. ती गेल्या वर्षी गेली, आणि ‘मालूताई’ हे नाव आता अख्ख्या जळगावात फक्त त्या हॉलमध्ये घेतलं जातं. म्हणून रविवारी दुपारची बस धरून मी जाते. आईची जागाही मलाच दिली. कारण एकच, बाकी सगळ्यांचे चष्म्याचे नंबर वाढलेत!

*

मंडळाचा मूळ ग्रंथ एका जुन्या गुरूंनी हातानं लिहिलेला. तो लाल कापडात, चौरंगावर. नियमाप्रमाणे तो उघडत नाहीत. मग वाचायचं काय? तर त्याची झेरॉक्स.

दोन-तीन वर्षांत झेरॉक्सलाही हळदकुंकू लागायला लागलं. मग तीही कापडात गेली, चौरंगावर बसली. वाचायला झेरॉक्सची झेरॉक्स आली. तीही वर गेली. मी आले तेव्हा चौरंगावर चार पिढ्या नांदत होत्या.

शेवटी मी वैतागून पानांचे फोटो काढले आणि आबांच्या टॅबमध्ये घातले. आबा म्हणजे नानांचे शेजारी. मंडळातला सगळ्यात भाविक माणूस. म्हटलं, काचेला कोण कुंकू लावणार?

पुढच्या रविवारी आले तर टॅबला झेंडूचा हार. स्क्रीनच्या मधोमध ओलं गंध. पान पुढे सरकेना!

“आबा, हे काय केलंत?”

“ग्रंथ आहे त्यात, पोरी.”

“त्यात तुमच्या नातवाचा गेमपण आहे!”

आबा विचारात पडले. मग त्यांनी गेमच्या चित्रालाही गंधाचं बोट लावलं. म्हणाले, “भेद नको.”

*

एक्केचाळीसाव्या पानावर काळा डाग आहे.

मूळ ग्रंथात त्या ठिकाणी एक वाक्य होतं. ते ग्रंथाचं सार, असं सगळे मानायचे. म्हणून कापडात बांधण्याआधीच्या काळात दर गुरुपौर्णिमेला नेमकं त्याच वाक्यावर कुंकू वाहिलं जायचं. झेरॉक्स मशीनला कुंकू काळं दिसलं. आता सगळ्या प्रतींत तिथे गोल, गुळगुळीत काळा डाग आहे, आणि त्यानंतरचं वाक्य आहे, ‘इतके हे सोपे आहे.’

वाचक डागापाशी आला की थांबतो. सगळे हात जोडतात. मग ‘इतके हे सोपे आहे’ म्हणून पुढे.

पहिल्यांदा वाचताना मी विचारलं, “नाना, याच्याखाली काय होतं?”

“सार.”

“हो, पण काय?”

नानांनी डोळे मिटले. “ते शब्दांत येत नाही, बेटा.”

“आलं होतं, नाना! तुम्ही त्याच्यावर कुंकू लावलंत!”

त्या दिवशी मला प्रसाद अंमळ कमीच मिळाला.

*

जळगावचा मे महिना ज्यांनी सोसलाय त्यांना हा किस्सा समजावून सांगायला नको.

हॉलमध्ये कूलर एकच. त्याच्यासमोर खुर्ची एकच. ती आबांची. आबा साडेतीनलाच येऊन ती धरतात आणि डोळे मिटून पुटपुटतात, “मी देह नाही, मी देह नाही.”

मी धुळ्याहून बसनं भाजून आलेली. म्हटलं, “आबा, तुम्ही देह नाही ना? मग त्या खुर्चीत कोण बसलंय?”

“देह.”

“मग तुम्ही कुठे आहात?”

“मी सर्वत्र.”

“मग देहाला जरा तिकडे सरकवा. तुम्हाला काय फरक पडतो?”

आबांनी एक डोळा उघडला. “पोरी, ज्ञान झालंय. उकाडा जायचाय अजून!”

*

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी नाना घरी आले होते, आबांना घेऊन. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “आत्मा जात नाही, येत नाही. मालूताई कुठेही गेलेली नाही.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या दिव्याकडे गेलं. “हे तोंड असं का? दक्षिणेकडे कर.” आबा म्हणाले, आमच्यात पूर्वेकडे करतात. झालं! अर्धा तास दोघं दिवा फिरवत होते.

मी म्हटलं, “नाना, ती कुठेही गेलेली नाही ना? मग रस्ता कुणाला दाखवताय?”

दोघांनी दिवा खाली ठेवला. तोंड भिंतीकडे झालं होतं. तसाच राहिला तो, दहा दिवस.

*

आईची एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. मंडळात वाचून झालं की ती त्यात काहीतरी लिहायची आणि वही नानांच्याच कपाटात ठेवून घरी यायची. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. आई गेल्यावर मंडळानं ती लाल कापडात बांधली आणि चौरंगावर ठेवली. म्हणजे नियम लागू!

मी दुसऱ्याच रविवारी म्हटलं, “नाना, ती वही मला हवीय.”

“अगं, ती तुझीच आहे.”

“मग द्या.”

“तुझीच आहे म्हटल्यावर देण्याघेण्याचा प्रश्नच कुठे येतो? देणारा वेगळा, घेणारा वेगळा, हीच तर माया!”

मी तेवढ्यावर गप्प बसले, याची मला अजून लाज वाटते. पण भांडून ते दार बंद झालं असतं तर रविवारी मी कुठे गेले असते? जळगावातल्या आमच्या घराला कुलूप आहे. मी आत जाऊन येते, खिडक्या उघडते, परत लावते. वर्षभर दर रविवारी मी आईच्या वहीपासून चार फुटांवर बसून एक्केचाळीसाव्या पानावरचा डाग वाचून दाखवला.

*

एकदा मी नानांना म्हटलं, “घरी कुणीच नसतं हो. भिंतींशी बोलायची वेळ आलीय.”

नाना प्रसन्न हसले. “दुसरं कुणी कधी नव्हतंच, बेटा. सगळीकडे तूच आहेस.”

“मग सगळीकडे मीच कंटाळलेय, नाना!”

सगळे हसले. हसल्या नाहीत त्या फक्त अक्का, नानांच्या थोरल्या बहीण, साक्री तालुक्यातल्या. अक्का प्रसाद करतात, बाकी तोंड उघडत नाहीत. नंतर चपला घालताना त्यांनी मला विचारलं, “जेवनी का तू?” वर्षभरात मंडळातल्या कुणी ‘जेवलीस का’ विचारल्याचं मला आठवत नाही. माझ्या मनाची अवस्था मात्र सगळे विचारायचे.

मी विचारलं, “अक्का, तुम्हाला हे अद्वैत कळतं का?”

“नही व माय. पन घरमा आठ दिन मन्हासंगे कोनी बोलत नही. आठे बठ्ठा बसेल ऱ्हातस, ते बरं वाटस.” इथे सगळे बसलेले असतात, एवढंच त्यांना पुरत होतं.

आई पण रविवारीच फोन करायची. वाचन संपवून घरी पोचली की, साडेसहाला. मी पेपर तपासत असायचे.

“कामात आहेस का गं?”

“हो आई. पटकन बोल.”

“नाही, काही नाही. असंच.”

हा किस्सा नाही. मध्येच आला.

*

आईला वर्ष झालं तो रविवार. मंडळानं विशेष पूजा ठेवली होती. चौरंगाला केळीचे खांब, वहीवर मोगऱ्याची वेणी. नानांनी मला पुढे बसवलं. अक्कांनी कुंकवाचं ताट दिलं.

नाना म्हणाले, “वाह कुंकू. डोळे मीट. मालूताई तुझ्यातच आहे, बघ.”

मी डोळे मिटले. आत कुणी नव्हतं. माझाच श्वास होता.

डोळे उघडले, ताट खाली ठेवलं, आणि गाठ सोडली.

“अगं! अगं ए!” आबा कूलरसमोरून उठले. वर्षात पहिल्यांदा उठले!

“आबा, बसा.”

कापडातून कुंकू पाझरून पुठ्ठा लाल झाला होता. पहिल्या पानाच्या कडेपर्यंत पोचलं होतं. अजून एखादं वर्ष, आणि झेरॉक्सवाल्याला काळंच दिसलं असतं. मी वाचक. मी वाचायला लागले, नेहमीच्या आवाजात.

“रविवार. आज नानांनी सांगितलं, दुसरं कुणी नाही, सगळं एकच आहे. पटलं. पण मग मला पोरीची आठवण येते ती कशी? आठवण यायला दोघं लागतात ना? इथे विचारता येत नाही. फोनवर पोरीला विचारायचं, ती शिकलेली आहे.”

मी पान उलटलं. दुसरा रविवार, दुसरा प्रश्न. खाली, “पोरीला विचारायचं.” तिसरा. चौथा. मी भराभर उलटत गेले. प्रत्येक पानाच्या शेवटी तेच दोन शब्दांचं वाक्य होतं, आणि त्याच्याखाली जागा कोरी सोडलेली होती. उत्तरासाठी.

नानांचा आवाज आला, अगदी मऊ. “बेटा, झालं ना वाचून? आता मीट ती. बांध. पूजा अर्धी राहिलीय.”

“नाही.”

“हट्ट करू नकोस.”

“नाही मिटणार, नाना. आणि कुंकूही लावू देणार नाही. पहिल्या पानावरचं आधी सांगा. आठवण यायला दोघं लागतात ना?”

नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी टॅबकडे पाहिलं. अक्कांनी पुढे होऊन कुंकवाचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. कूलरच्या वाऱ्यानं वहीची पानं एकेक उलटत होती. मी वाट पाहत बसले.