जास्त झालेली नीळ

अहो, मावशींसारखी बाई शोधून सापडायची नाही! हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं चादरी धुतल्या, पण उशीचा एक अभ्रा कधी घरी नेला नाही. आणि चोरीचा आळ आला तो नेमका त्यांच्यावर! माझं तर ऐकूनच डोकं फिरलं.

मोजणीत चाळीस चादरी कमी भरल्या. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच, मावशींकडे आणि स्टोअरकीपरकडे. त्याला सगळे पाठीमागे गोडबोल्या म्हणत. त्याने बोट दाखवलं मावशींकडे, आणि वरच्यांना ते पटलंसुद्धा! आता चौकशीला बाहेरगावचे साहेब यायचे होते. आळ खरा ठरला की नोकरीही गेली आणि अब्रूही. वर गोडबोल्या म्हणतो कसा, "मावशी, चूक झाली एवढं लिहून द्या, मी सांभाळून घेतो."

"न केलेली चूक कशी लिहू?" मावशींनी कागद परत सरकवला.

घरी धाकटी जाऊ तणतणत होती. "ताई, तो मेला मिशांना पीळ देत हिंडतोय आणि तुम्ही हात जोडून बसलाय! देव झोपलाय तुमचा!"

"झोपत नाही तो," मावशी म्हणाल्या. पण खरं सांगू? चौकशीच्या दिवशी सकाळी त्या देवाशी चक्क भांडल्या. "राज्य तुझं ना? मग हा कसा माजलाय? मला काही कळत नाही, बाबा. पण तुझा हात मी सोडायची नाही, सांगून ठेवते!"

अकराला साहेब आले, गोडबोल्या त्यांच्या मागे मागे. लाँड्री बघत बघत वाळवणीच्या दोरीपाशी गेले आणि थबकले. सगळ्या पांढऱ्याशुभ्र चादरींत दोन निळसर.

"या अशा का?"

मावशींची मान खाली गेली. "माझी चूक, साहेब. सहा महिन्यांपूर्वी हात घसरला आणि निळीचा अख्खा पुडा टाकीत पडला. बेचाळीस चादरी निळ्या झाल्या. या स्टोअरकीपरनी चारचौघांत झाडलं मला आणि सगळ्या कपाटात टाकायला लावल्या. रंग उतरतो का बघायला या दोन मी बाहेर काढल्या. हरवल्या त्या बाकीच्या चाळीस."

साहेबांनी चादर हातात घेतली, कोपऱ्यावरचा हॉस्पिटलचा शिक्का बघितला. मग हळूच म्हणाले, "काल लॉजवर मला अगदी हीच चादर अंथरली होती. कोपरा तेवढा कापलेला. मी म्हटलं, उंदराने खाल्ला असेल!"

गोडबोल्याचा चेहरा असा पडला म्हणता! साहेबांनी तिथूनच लॉजवाल्याला फोन लावला. चादरी कोणी विकल्या विचारताच त्याने गोडबोल्याचं नाव घडाघडा सांगून टाकलं. साहेबांनी गोडबोल्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि मावशींच्या हातात ठेवल्या.

मावशी घरी आल्या त्या रडत आणि हसतच. "अगं, नीळ सांडली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते! माझाच हात का घसरला म्हणून देवाला किती बोलले!"

जावेने सगळं ऐकलं, वर बघून दोन्ही कान पकडले. "चुकलं रे बाबा माझं! तू कुठला झोपतोस? तू तर साहेबांना झोपवलंस, आणि तेही बरोबर त्याच चादरीवर!"