समुद्राची वाट सांगनारी आक्का

गाडी हलली अन् माजी पोर गाडीत! मी खाली, दौंडाच्या फलाटावर, हातात पान्यानं भरलेला तांब्या. धावले तर पानी सांडलं, लुगडं पायात आलं, अन् खिडकीतनं आक्का माज्या चिमीला कडेवर घेऊन वरडली, "पुन्याला उतरते! मागल्या गाडीनं ये! उतरल्या जागी बसते, हलायची न्हाई!" बास, गाडी गेली.

पान्याला मी का उतरले म्हनाल, तर आक्का उतरत हुती म्हनून. "तू बस गं यमे, मला ठाव हाय नळ कुठं हाय," असं म्हनाली. दौंडातला नळबी हिलाच ठाव! मी म्हनलं, माज्या पोरीचं पानी मीच आननार. अन् उतरले की तिरीमिरीत.

ही आक्का म्हंजे आमच्या भिंगारची दर्यावाली आक्का. आमच्या शेजारीच ऱ्हायची. लष्करी कांपातल्या एका सायबाच्या पोरांची आदी आया हुती, दर उनाळ्याला त्यांच्यासंगं समुद्रावर जायची. मूलबाळ न्हाई, नवरा कवाच गेलेला. पन समुद्र बघितलेला, म्हनून सगळ्या आळीत तिचा मान! आमी मूळची नगराच्याच कर्जतकडची मानसं, आमाला इहिरीच्या पान्याचं कौतुक.

कुनीबी इचारलं की आक्का भुईवर ज्वारीचे दाने मांडायची. "हे नगर. हे दौंड, हितं गाडी बदलायची. हे पुनं. हितनं दोन वाटा. उनाळ्यात मुंबईला जायचं, धक्क्यावरनं लाँच धरायची, रेवसला उतरायचं, पुढं टांगा, की आलं अलिबाग. पन पाऊस लागला की लाँच बंद, ती नारळी पुनवेपत्तूर. मंग पुन्यातनं मोटारीनं पेनला जायचं, खाडी होडीतनं वलांडायची. कंबर मोडती, पन पोचतो मानूस." कुनी चेष्टेनं म्हनलं, "अन् बैलगाडीनं गं आक्का?" तर म्हनायची, "जा की! घाट उतरस्तवर बैलाला दाढी यील." बायका हसून लोळायच्या. मी पन हसायची, पन पोटात जळायचं. आमचे मालक सुद्दीक तिथं उकिडवं बसून ऐकायचे. मी घरात बोलले तर त्यांना जांभया.

मालक कांपातल्याच दुसऱ्या सायबाकडं खानसामा. सायबाची छाती बिघडली तसं डागदरनं त्याला समुद्राकाठी, अलिबागला धाडलं, मालक गेले संगं. मागनं निरोप आला, खोली मिळाली, पोरीला घेऊन ये, आक्काला संगं घे, तिला वाट ठाव हाय. बघा! बायकोला बोलावनं, त्यातबी आक्का.

तर मागली गाडी मिळाली. डब्यात सगळं सांगितलं, तर एक बाई म्हनाली, "बाई मूलबाळ नसलेली? अन् पोर दिली तिच्याकडं?" मला आठवलं, चिमीला मांडीवर घेऊन आक्का म्हनायची, "ही मला देऊन टाक गं." थट्टाच ती, पन गाडीत मला थट्टा वाटंना. सगळ्या देवांची नावं घेतली, दोनदोनदा घेतली.

पुन्याला उतरले तर आक्का फलाटावर भुईला बसलेली. उन तोंडावर आलेलं, तरी सावलीला सरकली न्हाई. चहा सुद्दीक घ्याया उठली नव्हती. म्हनाली, "चुकलेल्यानं बसून ऱ्हावं, शोधनाऱ्यानं चालावं. दोघं चालली की संपलं." मी चिमीला हिसकूनच घेतली. तर कारटीनं भोकाड पसरलं, अन् हात कुनाकडं, तर आक्काकडं! म्या नऊ महिनं पोटात वागवलेली पोर.

समुद्र बघितला तवा मी थिजलेच. केवढं ते पानी, अन् सारखं अंगावर येतंय! मी कडंला उभी, अन् आक्का पोरीला घेऊन वाळूत. चिमी नुकती चालाया लागलेली. आक्का तिला बसवायची, "हलायचं न्हाई हां, मी येते," म्हनायची, अन् होडीमागं लपायची. चिमी बसून ऱ्हायची. मंग आक्का भो करून यायची अन् दोघी खिदळायच्या. माज्याजवळ पोर घटकाभर बसंल तर शपथ.

सायबाच्या मडमेला दिवस गेलेले. तिनं आक्काला बघितलं अन् म्हनाली, हितंच ऱ्हा, आया म्हनून. मालकांचं तोंड फुललं. आक्का मातुर माज्याकडं बघत म्हनाली, "यमे, तू म्हनशील तर ऱ्हाते."

मी म्हनलं, "आक्का, ढग याया लागले. तुमीच म्हनता, एकदा लाँच बंद झाल्या की नारळी पुनवेपत्तूर न्हाईत. तिकडं तुमचं घर उघडं."

आक्का हसली. "वाट शिकलीस की गं!" एवढंच. पेनची वाट असती, मोटार असती, हे तिला काय ठाव नव्हतं? पन बोलली न्हाई. गठुडं बांधलं.

रेवसच्या बंदरावर मी सोडाया गेले. खरं सांगते, बसती का न्हाई ते बघाया गेले. आक्कानं चिमीला तिथल्या दगडावर बसवलं, मुका घेतला, सवयीनं म्हनाली, "हलायचं न्हाई हां," अन् लाँचीत चढली.

लाँच ल्हान ल्हान होत गेली. माज्या उरावरचा धोंडा उतरला. मी म्हनलं, चल गं चिमे, आता आपन दोघीच. तर पोर दगडावर बसलेली. उचलली तर निसटली, अन् परत त्याच जागी जाऊन बसली. रडंना, हसंना. समुद्राकडं बघत नुसती बसली. टांगेवाला वरडाया लागला, पाऊस टपटप पडाया लागला, तरी उठंना.

पोर माजी. माज्यापाशीच ऱ्हायला पायजे का न्हाई? तुमी असता तर आक्काला ऱ्हा म्हनला असता का? अन् त्या दगडावरनं पोरीला कसं उठवलं असतं, सांगा की बायांनो?