हेल्पलाइनवरच्या अक्का

"फोन ठिवू नगा, म्या हाय हितं." एवढं बोलून अक्का रिसीव्हर खांदा आणि कानाच्या मधे दाबायच्या आणि स्वतःच्याच पडद्यावर बोट ठेवून पलीकडच्याला वाट दाखवायच्या. "खाली या. अजून थोडं. तांबडं बटण दिसलं का?"

धाराशिवला बसस्टँडमागं आमचं ऑफिस. एका शिक्षणसंस्थेची प्रवेशाची वेबसाइट आम्ही सांभाळायचो. कोड मी लिहायचे. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. अक्का ढोकीहून एसटीनं यायच्या आणि दिवसभर लोकांचे फोन घ्यायच्या.

आमच्या साइटची खोड तुम्हीही कुठंतरी भोगली असेल. पोरगी आपला कोर्स शोधून 'अर्ज करा' दाबते. साइट आधी लॉगिन मागते. पासवर्ड टाकला की कोर्सच्या पानावर न नेता तिला थेट पहिल्या पानावर, अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोपुढं आणून सोडते. मग शोधा पुन्हा. ईट गावचे एक आजोबा नातीसाठी फोन करून वैतागले होते, की आत जायची चिठ्ठी घेतली तर ह्यांनी परत फाटकावरच उभं केलं. आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत.

मालकांना मी उपाय सांगितला. लॉगिनआधी माणूस ज्या पानावर होता त्याचा पत्ता लक्षात ठेवायचा, तो आपल्याच साइटचा आहे ना ते तपासायचं आणि लॉगिन झालं की त्याला तिथंच न्यायचं. एका दिवसाचं काम. मालक अक्कांदेखतच म्हणाले, "त्यासाठी बाई ठेवलीय की. फोनच आले नाहीत तर ती काय करील?"

दुपारी डबा खाताना अक्का म्हणाल्या, "तेवढं करून टाका की वो मॅडम."

"अक्का, मालक काय म्हणाले ते ऐकलंत ना? तुमच्या दोन पोरी शिकतायत."

"ऐकलं. म्हणून लोकांनी हिंडत ऱ्हावं व्हय?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "माझ्या पोरींचं म्या बघीन. तुमी तुमचं काम करा."

मी मालकांना न विचारता केलं, आणि चोख केलं. त्याची मला आजही लाज नाही. हळूहळू फोन थंडावले. संस्थेनं खूश होऊन मालकांचा सत्कार केला. शाल तशीच खांद्यावर घेऊन ते ऑफिसात आले, सगळ्यांना पेढे दिले आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून अक्कांना सांगितलं. पेढा अजून अक्कांच्या हातातच होता.

जायच्या दिवशी अक्कांनी रिसीव्हर पदरानं पुसून ठेवला. मला एवढंच विचारलं, "आता पासवर्ड टाकला की लोकं कुठं जात्यात?"

"होती तिथंच."

"मग बरं हाय," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

संध्याकाळी मालकांनी त्यांचं लॉगिन बंद करायला सांगितलं. तेही काम माझंच. मी अक्कांच्या नावावर टिचकी मारली. पडद्यावर उमटलं, 'नक्की काढायचं का?'

अख्ख्या ऑफिसात एवढं त्या यंत्रानंच विचारलं.