न खणलेल्या खड्ड्याचा दाखला

सोमवार, वीज कार्यालयाच्या खिडकीवरील लिपिक; गुरुवार, समोरचा झेरॉक्सवाला; आणि दोन्ही दिवशी, मी आजवर न पाहिलेला तो ठेकेदार: शिक्क्याच्या शाईचा वास आला की जबाबदारांची ही यादी मनात उभी राहते. जवळा बाजारला सुनेच्या पिठाच्या गिरणीसाठी वीजजोडणी हवी होती. आमच्या परवानाधारक वायरमनने फिटिंग पूर्ण केली होती. मात्र गळती वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा खणल्याशिवाय तो चाचणी अहवालावर सही करीना. सोमवारी लिपिक म्हणाला, "येवढ्यासाठी काहून थांबून राहिले? समोर झेरॉक्सवाल्याकडं जा." गुरुवारी गेलो, तर काउंटरखाली कोऱ्या अहवालांचा गठ्ठा, प्रत्येकावर एकाच परवानाधारक वीज ठेकेदाराची सही आणि ओला शिक्का. दुकानदाराने माझे नाव भरले व अर्थिंगपुढे लिहिले, 'समाधानकारक'. मी तो कागद खिडकीवर नेऊन खुलासा मागितला. "काका, तुमाला लाईट पाहिजे का खड्डा?" लिपिक म्हणाला. रांग हसली. माझ्यासोबत आलेला वायरमन हसला नाही. "साहेब, गिरणीला हात यांची सून लावणार हाय, तुमचा कागद न्हाई." तो अहवाल मी दिला नाही. खड्डा खणला, वायरमनने तपासणीचे मीटर लावून तपासला; मग आमचा खरा अहवाल 'शिक्का अस्पष्ट' म्हणून तीनदा परत आला, हा योगायोग मी मानत नाही. चौथ्या खेपेला तो स्वीकारला गेला; गिरणी आज चालू आहे आणि तो खोटा कागद माझ्याजवळ आहे. सही करणाऱ्याने व असे अहवाल स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने जाहीर उत्तर द्यावे: आणखी किती घरांत न खणलेले खड्डे समाधानकारक ठरले आहेत?