सुवर्णाचा कॉमन फोल्डर

सुवर्णाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी लोणंदला एका कारखान्याच्या फाटकाशी उभा होतो. “ताई गेली,” एवढंच तो म्हणाला. आत सर्किट बोर्डांची खोकी तयार होती... ती तपासली, सह्या केल्या आणि मिरजेकडे निघालो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

म्हसवडची सुवर्णा आणि मी मिरजेतल्या एका छोट्या कंपनीत दवाखान्यांच्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. औषध हळूहळू सोडणारा पंप, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, नवजात बाळांचा वॉर्मर. तिन्हींची चिप एकच, धोका सांगणारा बझरही एकच. पण बझरच्या कोडची प्रत्येक यंत्राच्या फोल्डरमध्ये वेगळी नक्कल. पंपाचा बझर वाजता वाजता गप्प व्हायचा, तो आम्ही दुरुस्त केला. वॉर्मरमध्ये तीच चूक तशीच राहिली. एका दवाखान्यात तो मध्येच गप्प झाला; बाळाचं अंग तापलेलं नर्सच्या हाताला लागलं, म्हणून निभावलं. ते कळल्यावर सुवर्णा दिवसभर ऑफिसात येरझाऱ्या घालत होती. एरवी शहरी बोलायची, चिडली की म्हसवड जिभेवर यायचं. “एकच गोष्ट तीन ठिकाणी लिवायची आन एकाच ठिकाणी सुधरायची, ह्याला काय अर्थ हाय?”

मालकांचं म्हणणं, आधी ऑर्डरी जाऊ देत. तिनं ऑर्डरी सांभाळत तिन्हींसाठी एकच ‘कॉमन’ नावाचा फोल्डर काढला. घाईघाईनं बझरचं सगळंच त्यात नेलं आणि टेबलावरचा ऑक्सिमीटर मुका झाला. त्याच्या बोर्डवर बझर चिपच्या दुसऱ्याच पिनला जोडलेला होता. मालकांनी नुसती मान हलवली.  ती पुन्हा सगळं सोडवायला बसली. बझर कसा आणि किती वेळ वाजवायचा हे सगळ्यांचं, म्हणून ते कॉमनमध्ये. कुठल्या पिनवर, ते त्या त्या बोर्डापाशी. ऑक्सिमीटर झाला, वॉर्मर झाला. पंप उरला, आणि तिचं आजारपण निघालं.

शेवटचं भेटलो तेव्हा तिच्या खाटेशेजारी आमचाच पंप चालू होता. तिची नजर त्याच्यावरून हलेना.

“ह्याची नक्कल अजून वेगळीच हाय न्हवं?”

“हो. पण नीट चालतोय.”

“आज चालतोय रं. उद्या कुणीतरी कॉमनमधी सुधारंल आन हा मागं राहील.”

मी पाणी हवं का विचारलं. 

पंपाचा कोड मी गेल्या आठवड्यात कॉमनमध्ये नेला. नळी मुद्दाम दाबून औषध अडवलं, बझर वाजला. अशा वेळी सुवर्णा तो लगेच बंद करू द्यायची नाही. दार लोटून बाहेर जायची, नर्स जिथं असेल तितक्या लांबून ऐकायची, मगच बंद कर म्हणून हातानं खूण करायची. मी बटणावर बोट ठेवून दाराकडे बघत राहिलो. शेजारची माणसं वैतागून वळली... शेवटी मीच उठलो, बझर तसाच वाजत ठेवून दार लोटलं आणि पार जिन्यापर्यंत गेलो. तिथंही ऐकू येत होता. खूण करायला हात वर केला, पण ती बघून बझर बंद करायला आत टेबलापाशी कुणीच नव्हतं.