बिनदाराचा घुमट

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी मुरुडजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होते. शिक्षकांच्या सहलीत सांची पाहून आले आणि येताना तिथल्या स्तूपाचं एक चित्र घेऊन आले. सासूबाईंनी ते वस्तीतल्या घराघरांत नेऊन दाखवलं. विहारासमोर असाच लहानसा स्तूप बांधायचा, हे ठरवलंही त्यांनीच.

बांधायला लातूरचे एक मुसलमान मिस्त्री आले. साठीचे, मोजकं बोलणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचं आयुष्य दर्ग्यांचे घुमट बांधण्यात गेलेलं. चित्र त्यांनी बराच वेळ निरखलं आणि मला विचारलं, "बाई, ह्याला दारच न्हाई. माणूस आत जायचा कसा?"

मी सांगितलं, आत जायचंच नसतं. पोटात अस्थी ठेवून घुमट भरीव रचतात आणि माणसं त्याला उजव्या हाताला ठेवून फेरी घालतात. सांचीचा स्तूप आधी लहान होता, विटांचा. पुढच्या लोकांनी त्यावर दगडाचं कवच चढवलं. माथ्यावरचा चौकोनी कठडा म्हणजे हर्मिका, आणि तिच्यावर मानाचं छत्र. तोरणांवर बुद्धांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत, पण बुद्ध स्वतः माणसाच्या रूपात कुठंच नाहीत. रिकामं आसन, पिंपळ, पावलांचे ठसे, एवढंच.

चाचांनी थापी खाली ठेवली. "आमच्यात बी तसबीर काढत न्हाईत," ते म्हणाले. "पण रिकामी जागा कोरायची, हे लई अवघड काम हाय."

आमच्याकडे अस्थी कुठल्या असणार? सासूबाईंनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आणलेली मूठभर माती मधोमध ठेवली आणि चाचांनी त्यावर दगड रचायला घेतले.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. गिलावा झाला आणि नेमका टँकर यायचा बंद झाला. पाणी मारलं नाही तर सगळं तडकणार, पावसाळ्यात तोडून नव्यानं करू, असं चाचा मला हळूच म्हणाले. सासूबाईंच्या कानावर ते गेलंच. दुसऱ्या दिवशी त्या बाजेवर बसून अंघोळ करू लागल्या, खाली परात ठेवून. मग घरोघर तेच सुरू झालं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी घेऊन बायका सकाळ-संध्याकाळ यायच्या आणि स्तूपाभोवती फिरत गिलाव्यावर गुंडाळलेलं गोणपाट भिजवायच्या. चाचांनी चहा सोडला.

"माझ्या चहाचं पाणी बी तिकडंच घाला," ते म्हणाले.

सासूबाईंनी ऐकलं नाही. अर्धा कप चहा त्यांच्या हातात देऊन त्या समोर उभ्या राहायच्या.

गिलावा टिकला. गोणपाट काढल्यावर एक बाजू जराशी चपटी दिसली, तेव्हा चाचांचा चेहरा उतरला. ती नीट करतो म्हणून ते छिन्नी घेऊन आले, पण बायकांनी हात लावू दिला नाही.

बुद्धपौर्णिमेला ते बायकोला घेऊन आले. सासूबाईंनी दोघांना फेरी घालायला नेलं आणि मग ओट्यावर बसवून पोटभर खीर वाढली.